व्हायोलेटच्या वासाचा काळा चहा : दुसऱ्या घोटानंतर सुगंध जातो कुठे?

अबोली
नमस्कार. माझी भाची शिक्षणासाठी फ्रान्समधील तुलूझ येथे असते. दिवाळीला ती सोलापूरला आली, तेव्हा तिने माझ्यासाठी व्हायोलेटच्या फुलांचा वास दिलेल्या काळ्या चहाचा १०० ग्रॅमचा डबा आणला. ते शहर व्हायोलेटसाठीच प्रसिद्ध असून तेथे या फुलांना साखरेत घोळवून खाऊही करतात, असे तिने सांगितले. डबा उघडला तेव्हा लांबट काळी पाने, त्यांत जांभळ्या पाकळ्यांचे काही तुकडे आणि अत्तर व पिठीसाखर एकत्र ठेवल्यासारखा एक गोड, कोरडा वास आला.

पहिल्या दिवशी मी तो घरच्या पद्धतीने केला, म्हणजे पाणी, साखर, चहा आणि दूध असे सगळे एकत्र खळखळ उकळले. परिणाम इतका वाईट झाला की साबण नीट न धुतलेल्या पातेल्यात दूध तापवले असावे, अशी शंका आली. दुसऱ्या दिवशी दूध न घालता केला. पहिल्या घोटाला फुलांचा सुंदर वास आला, दुसऱ्या घोटाला जवळजवळ काहीच आले नाही आणि तिसऱ्यापासून नुसता साधा कोरा चहा उरला. कुकरच्या शिट्ट्या मोजून पाच मिनिटांनी परत आले, तर त्याच कपात वास पुन्हा हजर होता! आमच्या यजमानांना मात्र यात फूल कुठेच सापडत नाही. त्यांना लोणच्याच्या बरणीच्या झाकणासारखा आंबूस वास येतो.

चहा खराब झाला आहे का, माझी कृती चुकते आहे का, आणि हा चहा नेमका कसा प्यावा, याविषयी जाणकारांनी कृपया सांगावे.

चहाटळ
अबोलीताई, स्वतः बिनवासाच्या फुलाचे नाव घेऊन आपण सुगंधाची चौकशी करता आहात, हे पाहून मौज वाटली. आपल्या सोलापुरात चहाला वास विचारण्याची पद्धत नाही. तो उतू गेला की आपोआप कळतो.

कडकभाकरी
यात फ्रान्सचे कौतुक करण्यासारखे काय आहे, ते मला समजले नाही. आमच्या जुळे सोलापुरातील घराच्या कुंपणावर गोकर्णाचा वेल आहे. धाकटी मुलगी त्याची पाच-सहा फुले गरम पाण्यात टाकते, पाणी निळे होते आणि लिंबू पिळले की जांभळे होते. तोच हा व्हायोलेट चहा असणार. फरक इतकाच, की आमचा फुकट असतो.

माजघर
कडकभाकरीदादा, आपला गोकर्णाचा पेला दिसायला देखणा असतो, पण ती गंमत सगळी रंगाची आहे. गोकर्णाच्या फुलातील रंगद्रव्य आंबटपणामुळे निळ्याचे जांभळे होते. त्याला वास असा जवळजवळ नसतोच. येथे व्हायोलेट हे रंगाचे नव्हे, फुलाचे नाव आहे. अबोलीताईंच्या कपातील चहा नेहमीसारखा लालसर तपकिरीच असणार.

अबोली
हो, रंग अगदी साध्या कोऱ्या चहाचा आहे. पाकळ्यांमुळे पाण्याला जांभळी छटासुद्धा येत नाही.

कुन्नूरवासी
मी निलगिरीत चहाच्या कारखान्यात अठरा वर्षे काम केले असून आता सोलापुरात स्थायिक आहे. प्रथम आणखी एक गैरसमज दूर करतो. केनियात जांभळ्या पानांचा चहा पिकतो. तेथील चहा संशोधन संस्थेने २०११ मध्ये ती जात शेतकऱ्यांसाठी खुली केली. तिच्या पानातच जांभळे रंगद्रव्य असते आणि तिचा व्हायोलेटच्या फुलाशी काहीही संबंध नाही. बाजारात ही तिन्ही प्रकरणे एकमेकांत मिसळलेली दिसतात, म्हणून सांगितले.

आता पाकळ्यांविषयी. जाई-जुईच्या जातीच्या फुलांनी चहाला वास देण्याची चिनी पद्धत वेगळी आहे. तेथे ताज्या कळ्या आणि चहा रात्रभर एकत्र ठेवतात, सकाळी फुले काढून टाकतात, चहा पुन्हा सुकवतात आणि उत्तम प्रतीसाठी हेच अनेक रात्री करतात. व्हायोलेटच्या बाबतीत असे सहसा केले जात नाही, कारण फूल अगदी लहान असते आणि वाळल्यावर त्याचा वास फारसा उरत नाही. म्हणून तयार चहा मोठ्या फिरत्या पिंपात घालून त्यावर सुगंधी द्रव्य फवारतात आणि वरून पाकळ्या मिसळतात. त्या पाकळ्या नवरदेवाच्या गाडीवरील फुलांसारख्या असतात, गाडी काही त्यांच्यावर चालत नाही.

आणखी एक विचारतो. पान लांबट, पिळलेले आहे की आपल्या नेहमीच्या चहासारखे गोळीदार? लांबट असेल, तर तो पारंपरिक पद्धतीने वळलेला चहा आहे आणि त्याला खळखळ उकळणे हा त्याच्यावर अन्याय आहे. आपला सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरून गोळीदार केलेला, चहा दूध आणि साखरेला पुरून उरावा इतका कडक उतरतो. या चहाकडून ती अपेक्षा ठेवू नये.

अबोली
पान लांबट आहे, तेव्हा अन्याय माझ्याच हातून झाला आहे. तुलना आवडली, पण पाकळ्यांविषयी थोडे वाईटही वाटले. मी त्या चिमट्याने वेचून स्वतःच्या कपात जास्त घेत होते.

चहाटळ
म्हणजे यजमानांना आंबूस वास का येतो, याचे कारण सापडले. त्यांच्या वाट्याला फुले आलीच नव्हती.

गंधवेत्ता
अबोलीताई, आपण जे लिहिले आहे ते इतके नेमके आहे, की तीस वर्षे मुंबईत सुगंधी द्रव्यांच्या प्रयोगशाळेत काढलेल्या मला ते वाचून आनंद झाला. आपला चहा उत्तम स्थितीत आहे. सुगंध कपातून गेलेला नाही, तो आपल्या नाकातून गेला होता.

व्हायोलेटच्या वासाचा मुख्य भाग आयोनोन नावाच्या संयुगांचा असतो. ग्रीक भाषेत व्हायोलेटला ‘आयोन’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. या संयुगांची खोड अशी, की नाकातील वास टिपणाऱ्या ज्या ग्राहकांना, म्हणजे रिसेप्टरना, ती चिकटतात त्यांना ती थोड्या वेळासाठी बधिर करून टाकतात. त्यामुळे वास येतो, नाहीसा होतो आणि नाकाला विसावा मिळाला की परत येतो. मोगऱ्याच्या गजऱ्याचीही आपल्याला काही वेळाने सवय होते, पण ते हळूहळू घडते. येथे तो पडदा घोटाघोटाला पडतो आणि उठतो. तेव्हा कुकरच्या शिट्ट्या मोजण्याची आपली कृती हीच या चहाची योग्य कृती आहे. एक घोट घ्यावा, कप खाली ठेवावा, दुसरे काही पाहावे, आणि मग पुन्हा कपाकडे यावे.

आता या गोष्टीचा आपल्या मातीशी असलेला संबंध सांगतो. १८९३ मध्ये फर्डिनांड टीमान आणि पाउल क्रूगर हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ आयरिस नावाच्या फुलझाडाच्या कंदाच्या वासाचा शोध घेत होते. तो कंद वाळून जुना झाला की त्याला व्हायोलेटसारखाच वास येतो. तो वास प्रयोगशाळेत घडवण्याच्या खटपटीत त्यांना आयोनोन सापडले, आणि त्यासाठी लागणारा कच्चा माल होता सिट्रल. सिट्रल म्हणजे आपल्या गवती चहाचा वास! गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रलच असते. त्याची ॲसिटोनशी अभिक्रिया करून पुढे आम्लाने संस्कार केला, की लिंबासारखा वास संपतो आणि व्हायोलेटचा वास जन्माला येतो. केरळातील गवती चहाचे तेल व्यापारात कोचीन तेल म्हणून ओळखले जाई आणि परदेशी सुगंध कारखान्यांना ते हवेच असे. आज सिट्रल इतर मार्गांनीही मोठ्या प्रमाणावर तयार होते, पण परसातल्या त्या पातीचे आणि पॅरिसच्या अत्तराचे नाते त्यामुळे पुसले जात नाही.

माजघर
गंधवेत्ताकाका, माझ्या दारातल्या गवती चहाच्या कुंडीकडे मी आजपासून वेगळ्या नजरेने पाहणार आहे. परंतु याचा सरळ अर्थ असा होतो की डब्यातील वास कारखान्यात तयार झालेला आहे. मग त्याला व्हायोलेटचा चहा म्हणणे ही फसवणूक नाही का?

गंधवेत्ता
माजघरताई, फुलाच्या पोटात जे संयुग आहे तेच जर बाटलीत असेल, तर नाकाच्या दृष्टीने फसवणूक होत नाही. खिशाच्या दृष्टीने होऊ शकते, जर खोक्यावर फुलांचा अर्क असे लिहून फुलांचे दाम घेतले असतील तर. खऱ्या व्हायोलेट फुलांचा अर्क इतका महाग पडतो, की तो चहावर फवारणे म्हणजे केशराने भिंत रंगवण्यासारखे आहे. म्हणून खोक्यावरील घटकांची यादी वाचावी, आणि सुगंध जोडलेला आहे असे प्रामाणिकपणे लिहिले असेल तर मनात किंतु न ठेवता प्यावा.

माजघर
हे मला पूर्णपणे पटलेले नाही. संयुग एकच असेल, पण फुलात ते एकटे नसते. व्हॅनिलाच्या शेंगेचे आइस्क्रीम आणि इसेन्सचे आइस्क्रीम यांत फरक कळतोच.

गंधवेत्ता
हा मुद्दा मान्य आहे. फुलात सोबतीला हिरव्या पानाचा, थोडा काकडीसारखा ओलावा असतो आणि नुसत्या आयोनोनमध्ये तो नसतो. म्हणूनच स्वस्त व्हायोलेट चहा जुन्या पावडरच्या डबीसारखा वाटतो. एके काळी युरोपात चेहऱ्याच्या पावडरी आणि साबण याच वासाचे असत, तेव्हा अबोलीताईंना साबण आठवला यात नाकाची चूक नाही.

मात्र एक गोष्ट आपण विसरतो आहोत. आयोनोन साध्या काळ्या चहातही असतेच. चहाचे पान सुकवताना आणि आंबवताना त्यातील कॅरोटीन, म्हणजे गाजराला रंग देणारे तेच द्रव्य, तुटते आणि त्यातून बीटा-आयोनोन तयार होते. चांगल्या काळ्या चहात जो पुसट फुलांचा वास येतो, त्यात याचाही वाटा असतो. म्हणजे व्हायोलेटचा वास चहावर बाहेरून लादला आहे असे नाही. चहा जे कुजबुजत होता ते कोणीतरी मोठ्याने म्हटले आहे, इतकेच.

काष्ठौषधी
आमचे काष्ठौषधींचे दुकान तीन पिढ्यांचे आहे, त्यामुळे या फुलाची दुसरी ओळख करून देणे मला भाग आहे. ज्याला इंग्रजीत स्वीट व्हायोलेट म्हणतात, ते आपल्याकडे बनफशा या नावाने विकले जाते. युनानी पद्धतीत सर्दी-खोकल्याच्या काढ्यात, म्हणजे जोशांद्यात, ज्येष्ठमध आणि उन्नाव, म्हणजे एक प्रकारचे सुके बोर, यांच्या जोडीने बनफशा घालतात. माल काश्मीर आणि हिमाचलकडून येतो. थंडी पडली की शहरातील अनेक जुनी कुटुंबे आजही तो मागण्यासाठी येतात.

पण बनफशाचा काढा करून व्हायोलेट चहाची चव मिळेल, अशी आशा कोणी बाळगू नये. वाळलेल्या बनफशाला सुकलेल्या गवतासारखा वास येतो आणि काढा किंचित चिकट, गुळचट लागतो. शिवाय या वनस्पतीच्या मुळाने उलटी होते, म्हणून चाचपडत प्रयोग करू नयेत. त्याचप्रमाणे रोपवाटिकेत आफ्रिकन व्हायोलेट या नावाने मिळणारे कुंडीतील रोप मुळीच व्हायोलेटच्या कुळातील नाही. त्याची फुले कपात टाकू नयेत.

चहाटळ
माझ्या आजोबांनी मला लहानपणी बनफशाचा काढा पाजला होता. वास जात-येत नव्हता, मीच पळत होतो.

टाकळीकर
इतका वेळ सगळे फुलावर बोलत आहेत आणि पाण्यावर कोणी बोलत नाही, याचे नवल वाटते. सोलापूरकराने चहाविषयी बोलताना प्रथम पाण्याविषयी बोलावे. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणाचे पाणी साठवून वापरावे लागते, आणि ते संपले की बोअरचे पाणी स्वयंपाकघरात शिरते. बोअरचे पाणी जड असते. त्यात कोरा चहा केला तर वर तेलकट दिसणारा, फुटक्या आरशासारखा तवंग येतो. तो तेलाचा नसून पाण्यातील कॅल्शियम आणि चहातील टॅनिनसारखी द्रव्ये यांच्या संयोगाने हवेच्या संपर्कात तयार होतो. दुधाच्या चहात सायीमुळे तो लक्षात येत नाही, कोऱ्यात मात्र लपत नाही. लिंबाचे दोन थेंब टाकले की जातो, पण मग लिंबाचा वास व्हायोलेटवर बसतो.

अबोलीताई, आपण कोणते पाणी वापरले? या एका गोष्टीवर मी पैज लावण्यास तयार आहे.

अबोली
त्या आठवड्यात नळ आला नव्हता. बोअरचेच वापरले होते, आणि तवंग होता. मी तो फुलांच्या तेलाचा समजून कौतुकाने पाहत होते.

टाकळीकर
पैज मी जिंकलो, तरी आनंद वाटत नाही.

पार्कचौक
मागच्या एप्रिलमध्ये, तापमान ४३ च्या पुढे गेले असताना, माझ्या मेव्हण्याने बंगळुरूहून असाच चहा पाठवला होता. त्या उकाड्यात गरम चहा पिण्याची हिंमत होईना, म्हणून मी वेगळा प्रयोग केला. एक लिटर गार पाण्यात १० ग्रॅम चहा टाकून बरणी रात्रभर शीतकपाटात ठेवली आणि सकाळी गाळली. गार पाण्यात कडवटपणा आणि तुरटपणा फार कमी उतरतो, त्यामुळे वास अधिक मोकळा जाणवला. गरम कपात वाफेबरोबर एकदम अंगावर येणारा वास येथे घोट गिळल्यानंतर, नाकाच्या मागच्या बाजूने, हळूच आला. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी त्याला वाळ्याचे सरबत समजून दोन-दोन पेले घेतले आणि नंतर कशाचे हे विचारले.

कुन्नूरवासी
पार्कचौकसाहेबांची कृती योग्य आहे. गरम चहा करून तो शीतकपाटात ठेवला, तर पुष्कळदा गढूळ होतो, कारण थंडाव्यात कॅफीन आणि चहाची रंगद्रव्ये एकमेकांना धरून बसतात. सुरुवातीपासून गार पाण्यात भिजवलेला सहसा स्वच्छ राहतो.

कडकभाकरी
गोकर्णाची चूक मला मान्य आहे. आता खाण्याचे सांगा. या चहाबरोबर काय द्यावे? आमच्या घरी संध्याकाळच्या चहाबरोबर कडक भाकरीचा तुकडा आणि शेंगाची चटणी असते.

माजघर
दादा, शेंगाच्या चटणीतील लसणापुढे फ्रान्सचे फूल काय, आख्खी बागसुद्धा टिकणार नाही. साधी, लोण्याची, वेलदोडा न घातलेली नानकटाई द्यावी. मी शेंगापोळीबरोबरही पिऊन पाहिला होता, कारण मला वाटले होते की गूळ आणि फूल यांचे जमेल. जमले नाही, भाजलेल्या दाण्यांचा खमंगपणा इतका पुढे येतो, की चहा फक्त घास उतरवण्याच्या कामाचा राहतो.

गंधवेत्ता
चॉकलेट वापरून पाहावे, तेही कडवट. व्हायोलेटच्या वासाचे सारण भरलेली चॉकलेटे इंग्लंडमध्ये फार जुनी आहेत, आणि कडवटपणावर हा वास छान उभा राहतो. तसेच कोऱ्या चहात अर्धा चमचा साखर घालण्यास संकोच करू नये. गोडी आली की जीभ आणि नाक मिळून हा वास अधिक फुलासारखा ओळखतात. साखर नसेल तर तो कोरडा, लाकडासारखा वाटतो.

माजघर
आणि दूध? मी अगदी चमचाभर गार दूध वरून घालून प्यायले आहे आणि मला ते आवडले होते, हे येथे कबूल करते.

गंधवेत्ता
शास्त्र आपल्या बाजूने नाही. आयोनोन पाण्यापेक्षा स्निग्धात अधिक रमते, म्हणून दुधातील स्निग्धांश त्याला धरून ठेवतो आणि वाफेबरोबर नाकापर्यंत कमी सोडतो. अबोलीताईंच्या पहिल्या दिवशीच्या प्रयोगात उकळण्याने वास उडाला, दुधाने उरलेला दाबला आणि जिभेवर फक्त साबणाची आठवण शिल्लक राहिली.

माजघर
शास्त्र माझ्या बाजूने नसले तरी कप माझ्या हातात आहे. ज्यांना हा वास नाकात घुसल्यासारखा वाटतो, त्यांच्यासाठी दुधाने तो थोडा दबणे हेच चांगले.

चहाटळ
या वाक्यावर मी माजघरताईंच्या पक्षात जाहीर प्रवेश करतो.

सात_रस्ता
सगळा धागा वाचला. सगळ्यांनी अबोलीताईंच्या नाकाची बाजू घेतली, पण त्यांच्या यजमानांकडे कोणीच लक्ष दिले नाही. त्या गृहस्थांना आंबूस वास येतो, आणि ते खोटे बोलत असावेत असे गृहीत धरून आपण पुढे गेलो. मलासुद्धा हा चहा आंबूस लागतो. एका लग्नात हातावर अत्तर लावले, तेव्हा सगळे वाहवा करत होते आणि मला व्हिनेगरची बाटली उघडल्यासारखे वाटत होते. घरातले सगळे म्हणतात की मला रसिकता नाही.

गंधवेत्ता
सात_रस्ता, आपली आणि त्या यजमानांची मी मनापासून क्षमा मागतो, कारण हे मीच आधी सांगायला हवे होते. न्यूझीलंडमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की बीटा-आयोनोनचा वास कोणाला कसा येतो हे प्रामुख्याने एका जनुकाच्या रूपावर अवलंबून असते. वासाच्या एका ग्राहकाचे ते जनुक आहे. ज्यांच्याकडे त्याचे संवेदनशील रूप असते, त्यांना हे द्रव्य अगदी थोडे असले तरी कळते आणि ते त्याचे वर्णन फुलांसारखे असे करतात. ज्यांच्याकडे ते नसते, त्यांना पुष्कळ प्रमाणात दिल्यावरच काहीतरी जाणवते, आणि तेही आंबट, झोंबणारे, व्हिनेगरसारखे. तेव्हा हा रसिकतेचा प्रश्न नसून जन्मजात नाकाचा आहे. एकाच किटलीतला चहा पिणाऱ्या दोन माणसांच्या कपांत खरोखरच दोन वेगळे चहा असू शकतात.

सात_रस्ता
हा प्रतिसाद मी छापून घरातल्या शीतकपाटावर चिकटवणार आहे.

पार्कचौक
व्हायोलेटचे ताजे फूल सोलापुरात मिळणार नाही, म्हणून मोगऱ्यावर चिनी पद्धत करून पाहण्याची कल्पना कुन्नूरवासींचा प्रतिसाद वाचून माझ्या डोक्यात घोळते आहे. कोणी केली आहे का?

काष्ठौषधी
मी केली होती. उन्हाळ्यात संध्याकाळी बाजारातून कळ्या आणल्या, सुती फडक्यावर चहाचा आणि कळ्यांचा एकाआड एक थर दिला आणि सकाळी कळ्या काढल्या. वास अप्रतिम उतरला होता. चूक अशी झाली, की कळ्यांचा ओलावा चहाने शोषला आहे हे लक्षात न घेता मी तो तसाच बरणीत भरला, आणि आठ दिवसांत बुरशी आली. कळ्या काढल्यावर चहा मंद आचेवर नीट कोरडा केल्याशिवाय बंद करू नये. कळ्या संध्याकाळच्याच घ्याव्यात, कारण मोगरा रात्री उमलतो आणि त्याच वेळी वास सोडतो.

अबोली
गड्ड्याच्या यात्रेमुळे आणि संक्रांतीच्या पाहुण्यांमुळे महिनाभर येथे येणे झाले नाही. दरम्यान आपण सर्वांनी सांगितलेले एकेक करून पाहिले, त्याचा वृत्तांत देते.

मसाल्यासाठी घेतलेल्या छोट्या काट्यावर प्रत्येक वेळी २ ग्रॅम चहा मोजला आणि त्यावर साधारण १८० मिलिलिटर पाणी ओतले. बोअरचे, नळाचे साठवलेले आणि शुद्धीकरण यंत्रातील अशा तीन पाण्यांचे तीन कप एकाच वेळी केले, प्रत्येकी तीन मिनिटे झाकून ठेवले आणि लगेच गाळले. बोअरच्या कपावर तवंग आला, रंग मळकट झाला आणि वास सर्वांत कमी होता. यंत्राच्या पाण्यात वास सर्वांत स्पष्ट होता, परंतु चहा जिभेला थोडा टोचला. मला आवडला तो नळाच्या पाण्याचा. चार मिनिटे ठेवून पाहिला, तर तुरटपणा वाढला आणि फूल मागे गेले, म्हणून आता तीनच मिनिटे ठेवते. अर्धा चमचा साखरेचा सल्ला अचूक निघाला.

पिण्याची वेळही बदलली. सकाळी सगळे उठण्यापूर्वी, चुलीवर फोडणी पडण्याच्या आधी, गच्चीत बसून पिते. त्या वेळी हवा गार असते आणि दुसरा कुठलाही वास स्पर्धेला नसतो. एक घोट घेऊन कप कट्ट्यावर ठेवते, तुळशीला पाणी घालते, मग दुसरा घोट घेते. वास प्रत्येक वेळी परत येतोच असे नाही. कधी दोन घोट रिकामे जातात आणि तिसऱ्याला अचानक सगळा येतो. पूर्वी मला वाटत होते की चहा मला फसवतो आहे. आता तो कधी येईल याची वाट पाहण्यातच बरा वेळ जातो.

यजमानांना गंधवेत्ताकाकांचा जनुकाचा प्रतिसाद वाचून दाखवला. त्यानंतर त्यांनी चार दिवस प्रत्येक पाहुण्याला हा चहा पाजून त्यांच्या नाकाची परीक्षा घेतली. अकरा जणांपैकी तिघे त्यांच्या पक्षाचे निघाले, आणि त्यांत माझे सासरेही आहेत. ते स्वतः मात्र गवती चहा घातलेलाच चहा पितात. त्याच पातीपासून व्हायोलेटचा वास निघतो हे सांगितल्यावर म्हणाले, की मग मी मूळ प्रत पितो आहे.

कुन्नूरवासी
वृत्तांत उत्तम आहे. डब्यात किती उरला आहे आणि तो कुठे ठेवला आहे, हे मात्र आपण लिहिले नाही. सुगंधित चहा जसा वास धरतो तसाच शेजाऱ्याचाही घेतो. मसाल्याच्या कपाटात असेल तर आजच हलवावा.

अबोली
पाहुण्यांच्या परीक्षेनंतर साधारण ३० ग्रॅम उरला आहे. मसाल्याच्या कपाटातून तो मी केव्हाच काढला. तूर्त चादरींच्या कपाटात वरच्या खणात ठेवला आहे. तेथे अंधार असतो, कोरडे असते आणि कोणाचा हातही लागत नाही.

टाकळीकर
चादरींच्या कपाटात डांबराच्या गोळ्या नाहीत ना?

अबोली
आहेत. उठले.